जड पाणी

आमचे सर कुणाचंच पटकन खरं मानत नसत. प्रयोगशाळेत मी रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "पडद्यावर रेषा दिसली की लगेच खूश व्हायचं नाही. आधी तिच्यावर संशय घ्यायचा. ती आपल्याच रेणूची आहे की दुसऱ्या कुणाची, यंत्रातून आली की आपल्या डोळ्यांतून, हे ठरेपर्यंत ती आरोपी समजायची." मला हे फार आवडलं. मी मुळात संशयी आणि वरून तापट. भाजीवाल्यानं तराजू उचलला की माझी नजर काट्यावरून हलत नाही, आणि रिक्षावाला रस्ता बदलायला लागला की माझा आवाज चढतो. संशयाला जिथं नावं ठेवत नाहीत, उलट तो शिकवतात, अशी जागा मिळाली म्हणून मी मनातल्या मनात खूश होते. पण रेषेवर संशय घेणं वेगळं आणि माणसावर घेणं वेगळं. हा फरक मी त्याच खोलीत, माझ्या वडिलांच्या देखत शिकले.

ही सत्तरच्या दशकातल्या मधल्या वर्षांची गोष्ट. नागपुरातल्या एका जुन्या विज्ञान महाविद्यालयात भौतिकशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. काम ऐकायला भारी आणि करायला किचकट. आकाशात ताऱ्यांच्या मधल्या जागेत वायूचे अवाढव्य ढग आहेत. त्या ढगांतले रेणू गिरक्या घेत असतात आणि गिरकी मंदावली की ठरावीक कंपनसंख्येची रेडिओ लहर सोडतात. परदेशातल्या मोठमोठ्या रेडिओ दुर्बिणी त्या लहरी टिपतात. पण रेडिओवर स्टेशन लावायचं तर काटा कुठं न्यायचा हे आधी माहीत हवं, तसंच दुर्बिणीचंही असतं. तो आकडा जमिनीवर, प्रयोगशाळेत मोजावा लागतो. रेणूंची वाफ नळीत भरायची, नळीतून लहरी सोडायच्या आणि नेमक्या कुठल्या कंपनसंख्येला ती वाफ लहर गिळते ते पाहायचं. तिथं पडद्यावर एक खळगा उमटतो. त्यालाच आम्ही रेषा म्हणायचो.

साध्या रेणूंचे आकडे तोवर इतरांनी मोजून टाकले होते. उरले होते त्यांचे दुर्मीळ जुळे. आमच्या वाट्याला आलं होतं फॉर्मिक आम्ल, म्हणजे लाल मुंगी चावली की जे झोंबतं ते. त्यातल्या एका साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन बसवला की रेणू तोच राहतो, पण जरा वजनदार होतो, गिरकी हळू घेतो, आणि त्याची रेषा दुसरीकडे सरकते. परदेशातल्या एका खगोलशास्त्रज्ञानं सरांकडे त्या जड जुळ्याचा आकडा मागितला होता. आमची नळी सैन्याच्या भंगारातल्या रडारच्या तुकड्यांची, तांब्याची, चौकोनी, भिंतीलगत दोन माणसं आडवी झोपतील एवढी लांब. तिच्या टोकाला अभ्रकाची खिडकी. असल्या यंत्रावर असला आकडा मागितला जातो ह्याचा सरांना अभिमान होता, मला तर फारच.

जड जुळा तयार करणं तसं सोपं होतं. आम्लात जड पाणी मिसळायचं. आम्लातला एक हायड्रोजन भारी चंचल असतो, पाण्यातल्या हायड्रोजनशी तो आपणहून अदलाबदल करतो. जड पाणी म्हणजे ज्यातला हायड्रोजनच जड आहे असं पाणी. दिसायला नळाच्या पाण्यासारखंच, पण मिळणं महाकठीण. वर्षभर अर्जविनंत्या करून सरकारी कारखान्यातून सरांनी मुठीत मावेल एवढी एक बाटली मिळवली होती. दुसरी मिळणार नाही हे तिथल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. ती लोखंडी कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे. माझा पीएचडीचा विषय त्या बाटलीवर उभा होता. ती वाया गेली की मी सरळ गावाकडं, पारशिवनीच्या शाळेत मास्तरीण.

जूनमध्ये रेषा पहिल्यांदा दिसली. आम्ही तिच्यावर रीतसर संशय घेतला, नळीत विजेचं क्षेत्र लावून ती नियमाप्रमाणे फाटते का, म्हणजे एकीच्या अनेक होतात का, ते पाहिलं, आणि ती फाटली. आकडा अजून नेमका मोजायचा होता. तेवढ्यात अभ्रकाची खिडकी तडकली. नवं अभ्रक येईपर्यंत नळी आठ-दहा दिवस उघडी राहिली. बाहेर पावसाची झड, आत भिंतींना ओल, वह्यांची पानं मऊ पडलेली. खिडकी बसवली, नळी बंद केली, पंप लावला, नव्यानं वाफ भरली, आणि रेषा फिकी. पुन्हा भरली, आणखी फिकी. जिथं साध्या आम्लाची रेषा यायची तिथं मात्र ती चांगली ठसठशीत. म्हणजे आमच्या जड जुळ्याची जागा साधा भाऊ घेत होता.

सर कपाळाला आठी घालून म्हणाले, "कुठेतरी पाणी मुरतंय."

प्रयोगशाळेत आम्ही तिघंच. सर, मी, आणि माझ्या आधीपासून असलेले एक सिनिअर. सिनिअर नागपूरच्या महाल भागात राहायचे, तोंडात कायम पान, आणि हा विषय आपल्याला मिळायला हवा होता हे त्यांनी कधी लपवलं नाही. ते म्हणाले, "सर, एकदा बाटलीचं पाहून घ्या. किल्ली कोणाजवळ राहते?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी बाटली काढून दाखवली. पातळी कुठं असायला हवी त्याची खूण मी पहिल्यापासून कागदाची पट्टी चिकटवून ठेवत होते. पाणी बरोबर खुणेवर होतं. सिनिअरनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "लेव्हल तं बरोबरच दिसन ना. जो काढन तो नळाचं पाणी टाकूनच ठेवन." पातळी कमी असती तरी मी चोर, बरोबर होती तरी मी चोर.

मीही त्यांच्यावर संशय घेतलाच. कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असेल असं मला वाटायचं. ते जेवायला गेले की मी त्यांचं टेबल नजरेनं उलथंपालथं करायची. आणीबाणीचा काळ होता, देशातच कुणी कुणाशी मोकळं बोलत नव्हतं, आमच्या खोलीत तर चहासुद्धा एकमेकांच्या कपाकडे बघत प्यायला जायचा. नागपुरातच इंदोऱ्यात मी आत्याकडे राहायची. आत्यानं कुठूनसं ऐकलं की बॉम्ब करायलाही जड पाणी लागतं. ती रोज माझी पिशवी तपासायची. "बॉम्बाचं पानी घरात तं नाही ना आनत वं?"

अशात एका रविवारी मी गावी गेले. पारशिवनीच्या पुढं आमचं गाव. जेवताना सहज बोलून गेले की आमच्याकडचं जड पाणी खराब व्हायला लागलंय, उरलंयही थोडंच, सर काळजीत आहेत. आई हसली. "जड पानी कुठं खराब होते वं? ते पह्यलेच खराब रायते." बाबा जेवता जेवता ऐकत होते.

आमच्याकडे जड पाणी म्हणजे ज्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि प्यायलं की पोटात दगड बसल्यासारखं वाटतं ते पाणी. आमच्या वस्तीच्या विहिरीला तसलं पाणी होतं. गोड्या पाण्याची विहीर गावात होती, पण तिच्यावर आमच्या माणसांना चढू देत नसत. म्हणून बाबांनी आणि वस्तीतल्या चार जणांनी मिळून कातळ फोडून आपली विहीर खणली. पाणी लागलं ते असं. पुढं बाबांनी नागपूरला येऊन धम्म घेतला, गावातली बंदीही हळूहळू ढिली झाली, पण बाबा गोड्या विहिरीवर कधी गेले नाहीत. डाळ रात्रीच भिजत घालायची हा आमच्या घरचा नियम. मुद्दा असा की बाबांसाठी जड पाणी ही घरची वस्तू होती, आणि ती कुणाला तरी हवी आहे हे त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं.

पुढच्याच आठवड्यात ते प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. चपला बाहेर काढलेल्या, धोतराचा सोगा चिखलानं भरलेला, खांद्यावर गोड्या तेलाचा पत्र्याचा मोठा डबा. झाकणाच्या कडेनं कणीक लावून तोंड बंद केलेलं. एवढा डबा घेऊन ते एसटीनं आले होते आणि बसस्टँडपासून चालत. मला आधी आनंद झाला, मग डब्यात काय असेल ते लक्षात आलं.

"काय आहे ह्यात?" सरांनी विचारलं.

"जड पानी, सायेब." बाबांनी डबा अलगद खाली ठेवला. "पोरगी म्हने का तुमचं जड पानी खराब होऊन राह्यलं. म्हटलं आपल्या इहिरीचं घेऊन जावं. ह्याच्याहून जड पानी तालुक्यात भेटनार नाही तुम्हाले. तुरीची डाळ टाका, सांजवरी शिजत नाही."

सिनिअर फस्सकन हसले. मलाही हसू येणार होतं, म्हणजे आलंच असतं, सर हसले असते तर. सर हसले नाहीत. ते डब्याकडे बघत होते. मग त्यांनी बाबांकडे पाहिलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. हे पाणी इथं आणायला कुणी सांगितलं? कुणी नाही, मीच आनलं. याआधी हे पाणी कधी इथं आलं होतं? बाबांना वाटलं, एवढा शिकलेला माणूस आपल्या विहिरीची चौकशी करतोय. ते खुलले. आठवून आठवून सांगायला लागले.

"इथं तं नाही जी. पर मागच्या खेपेले पोरीनं एक बाटली भरून नेली होती. होय ना वं?"

नेली होती. एसटीत प्यायला. मी तसं म्हणाले, पण ते माझ्याच कानांना खोटं वाटलं. आरोपीचं खरंसुद्धा कसं खोटं वाटतं हे मी तेव्हा अनुभवलं. सिनिअरनी मध्येच विचारलं, "कोणती विहीर ही? गावातली, का तुमच्या वस्तीतली?" बाबांचा चेहरा किंचित बदलला. "आमची," ते म्हणाले. एवढंच. आणि ह्या सगळ्या वेळात खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बाबांना कुणी बस म्हणालं नाही. मीसुद्धा नाही, कारण सर त्यांना उभं करून विचारत होते.

बाबा गेले तेव्हा फार खुशीत होते. "अजून लागन तं सांगजो," म्हणाले. "इहीर काही आटत नाही."

ते फाटकाबाहेर गेल्यावर सरांनी हात पुढं केला. "किल्ली द्या."

"सर, मी बाटलीत पाणी घातलेलं नाही."

"मी आरोप करत नाही. शक्यता तपासतोय." त्यांनी किल्ली घेतली, सदऱ्याच्या गळ्यातून हात आत घातला आणि ती जानव्याला बांधून टाकली. घरच्या तिजोरीच्या किल्ल्याही ते तिथंच बांधत, ही त्यांची जुनी सवय होती. मी ते पाहत उभी राहिले. ह्या माणसाला माझा संशय येतो, की माझ्या घरचा येतो, की आमच्या विहिरीचा येतो, हा प्रश्न मला त्या क्षणी पडला. तो मी पुढं कितीही बाजूंनी तपासला, तरी त्याचं उत्तर मला कधी मिळालं नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन आत्यावर उगाच ओरडले आणि न जेवता पडून राहिले. सोडून जावं असं शंभरदा मनात आलं. गेले असते तर पळाली म्हणाले असते, म्हणून नाही गेले.

त्यानंतर सर स्वतः कपाट उघडायचे, स्वतः मिश्रण करायचे, स्वतः नळीत वाफ सोडायचे. मी फक्त पडदा बघायचा. मी तो असा बघितला की त्यावर धुळीचा एक कण बसला असता तरी मला कळला असता. रागाचा एवढा तरी उपयोग असतो. दोन-तीन दिवसांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. वाफ भरल्या भरल्या रेषा चांगली उंच असायची. मग एक कप चहा पिऊन होईतो ती खचत जायची, आणि तिकडे साध्या आम्लाची रेषा तेवढीच वर चढायची. दर वेळी असंच. आधी आम्ही वाफ भरायचो, मग यंत्राची जुळवाजुळव करायचो, मग निवांत पडद्याकडे बघायचो, तोवर सगळा खेळ आटोपलेला असायचा.

आता बाटलीत जर कुणी साधं पाणी घातलं असतं, तर रेषा पहिल्यापासूनच फिकी असायला हवी होती. ती डोळ्यांदेखत खचते म्हणजे चोरी बाटलीत होत नाही. चोरी नळीत होते, आम्ही तिघं समोर बसलेलो असताना. जुलैत नळी उघडी पडली होती तेव्हा पावसाळी हवेतलं पाणी तिच्या तांब्याच्या भिंतींना आतून चिकटलं होतं. पंपानं हवा जाते, ही ओल जात नाही. आमचा जड जुळा आत गेला की त्याचा चंचल हायड्रोजन भिंतीवरच्या पाण्याशी अदलाबदल करत होता. सर रोज म्हणत होते कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते शब्दशः तिथंच मुरलेलं होतं.

मी सरांना हे सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शक्यता आहे. पण पहिली शक्यता त्यानं खोटी ठरत नाही. दोन्हीही एकाच वेळी खऱ्या असू शकतात."

तर्कानं त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हेच मला जास्त झोंबलं. मी म्हणाले, "मग वजन करा. जड पाणी साध्या पाण्याहून दहावा हिस्सा जड असतं. भेसळ असेल तर वजन बोलेल. आणि दुसऱ्या बाजूला ऊर्ध्वपातित पाणी नको. तुम्हाला ज्या पाण्याचा संशय आहे तेच घ्या." बाबांचा डबा अजून कोपऱ्यात पडून होता. कणीक वाळून तडकली होती, तिला मुंग्या लागल्या होत्या.

काचेच्या पेटीतला तराजू पुसून घेतला. घनता मोजायची ती छोटी काचेची कुपी बीएस्सीच्या पोरांकडून आणली. सरांनी आधी आमच्या विहिरीचं पाणी कुपीत काठोकाठ भरलं, बाहेरून पुसलं, तोललं. मग कुपी धुऊन, वाळवून, बाटलीतलं पाणी. वजनं चिमट्यानं उचलताना त्यांचा हात स्थिर होता. तराजूचा काटा एकदा इकडे, एकदा तिकडे, मग बारीक बारीक होत थांबला. आमच्या गावच्या भाषेत तालुक्यातलं सर्वांत जड असलेलं पाणी तराजूवर साध्या पाण्याइतकंच भरलं. बाटलीतलं मात्र दहाव्या हिश्शानं जड, पुस्तकातल्या कोष्टकात शुद्ध जड पाण्याचा जो आकडा दिलाय त्याला टेकलेलं. सरांनी पुन्हा तोललं. मग तिसऱ्यांदा, मला लांब उभं करून.

"बाटली ठीक आहे," ते म्हणाले.

बाटली. माझ्याबद्दल एक शब्द नाही. सिनिअर खिडकीतून पिंक टाकायला गेले ते बराच वेळ आत आलेच नाहीत. बाबांनी पाणी आणलं त्या दिवसाआधी सरांचे कान कुणी भरले होते का, हे मला आजही माहीत नाही. कुणी भरले नसतील तर ते जास्त वाईट, असं मला वाटतं.

आता प्रश्न नळीचा होता. तापवून ओल घालवावी तर सांधे कथलाच्या डागानं जोडलेले, ते उकलले असते. एकच उपाय होता: भिंतींना जे हवं ते आधी देऊन टाकायचं. नळीत नुसत्या जड पाण्याची वाफ सोडायची, भिंतीवरच्या पाण्याशी तिला अदलाबदल करू द्यायची, उपसायची, पुन्हा सोडायची, असं भिंतींची हौस फिटेपर्यंत. तोवर बाटली जवळजवळ रिकामी होणार होती. तळाशी जे उरेल त्यावर एकदाच नमुना करता आला असता. सरांनी दोन दिवस कपाट उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी कपाट उघडलं, बाटली माझ्या हातात दिली आणि शेजारी खुर्ची ओढून बसले. बाटली माझ्या हातात आणि नजर माझ्या हातावर, असं ते काम आम्ही आठवडाभर केलं. रोज बाटलीचा तळ जवळ यायचा. मी चुकले असते तर पाणीही गेलं असतं आणि माझा खरेपणाही.

शेवटचा नमुना भरला त्या सकाळी रेषा उंच आली. आम्ही चहा मागवला नाही. तशीच बघत बसलो. ती खचली नाही. जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली तरी जवळपास तशीच होती. सरांनी लगेच विजेचं क्षेत्र लावून पुन्हा एकदा तिच्यावर संशय घेतला, आणि ती पुन्हा नियमाप्रमाणे फाटली. मग आम्ही मोजायला बसलो. आकडा निघाला, तो टपालानं परदेशी गेला.

दसऱ्याला बाबा दरवर्षीसारखे दीक्षेच्या मैदानावर आले. त्या गर्दीत, झाडाखाली सतरंजीवर भाकरी सोडताना त्यांनी विचारलं, "आपलं पानी कामी आलं का वं?"

"आलं बाबा. तराजूत घातलं होतं. त्याच्यामुळंच ठरलं."

"मंग?" असं म्हणून त्यांनी शेजारच्या माणसाकडे पाहिलं आणि त्याला विहिरीची हकिकत सांगायला घेतली. मी एक शब्द खोटा बोलले नव्हते. पण त्या दिवशी तुम्हाला उभं करून जे विचारत होते ती उलटतपासणी होती, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही आणि नंतरही कधी नाही. पुढं बाबा वारले तेव्हाही ते सर किती चांगले होते, एवढं कुणी आमच्या विहिरीचं विचारलं नव्हतं, असंच म्हणत गेले. ह्याचं मला फार वाईट वाटतं. तरी पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा गप्पच बसेन.

पुढच्या उन्हाळ्यात परदेशातून उत्तर आलं. आमचा आकडा त्यांच्या अंदाजापासून थोडा सरकलेला होता. त्यावर दुर्बिणीचा वेळ खर्च करण्याआधी त्यांना खात्री हवी होती. भाषा अतिशय सभ्य होती, पण मथितार्थ सरळ होता: नमुन्यात भेसळ नव्हती कशावरून? सरांनी ते दोनदा वाचलं. त्यांचे कान लाल झालेले मी पहिल्यांदा पाहिले. आपल्यावर कुणी संशय घेतला की कसं वाटतं, हे त्यांना त्या वयात कुणी दाखवलं नसावं.

त्यांनी मला टाइपरायटरवर बसवलं आणि उत्तर सांगायला लागले. कूलरच्या आवाजात त्यांना जरा मोठ्यानं बोलावं लागत होतं. नळी, खिडकी, भिंतींना जड पाणी पाजण्याची रीत, सगळं नीट क्रमानं सांगितलं. मग थांबले, खिडकीकडे पाहिलं आणि इंग्रजीत एक वाक्य सांगितलं. मराठीत त्याचा अर्थ असा: हा नमुना सुरुवातीपासून माझ्या विद्यार्थिनीच्या ताब्यात होता आणि तिच्या सचोटीवर माझा पूर्ण विश्वास आहे.

माझी बोटं थांबली. हे वाक्य ऐकायला मी वर्षभर तळमळले होते. त्या दिवशी बाबांसमोर ते म्हटलं असतं तर मी त्यांच्या पाया पडले असते.

"सर, हे मी टाइप करणार नाही."

"का?"

"तेव्हा तुमचा विश्वास नव्हता. वजन होतं. वजन लिहा."

मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी मान वर केली नाही. सर म्हणाले, "शेवटचं वाक्य खोडा." मी खोडलं. मग त्यांनी बाटलीतल्या पाण्याचं वजन सांगितलं, दशांश चिन्हापुढच्या सगळ्या आकड्यांसकट, कुठलाही कागद न बघता. मी ते टाइप केलं आणि पत्र सहीसाठी त्यांच्यापुढं ठेवलं.